पाण्याच्या पाळीतली नळदुरुस्ती: सोलापुरात कुठलं काम स्वतः करावं, कुठल्याला प्लंबर बोलवावा

सोलापुरात घरातला नळ गळायला लागला की प्लंबरच्या आधी एक गोष्ट आठवावी लागते: पाणी कधी आहे? उजनी, टाकळी आणि हिप्परगा अशा तीन ठिकाणांहून येणारं पाणी शहरभर पाळीनं फिरतं आणि एकेका भागाच्या वाट्याला चार-पाच दिवसांआड येतं. कुणाकडं पहाटे, कुणाकडं भर दुपारी, कुणाकडं रात्री दोनला. त्यामुळं इथल्या घरांत दोन वेगळ्या व्यवस्था असतात. एक मनपाच्या जोडणीपासून हौदापर्यंतची. ती काही तास भरते आणि मग कित्येक दिवस कोरडी पडून असते. दुसरी गच्चीवरच्या टाकीपासून मोरी-स्वयंपाकघरापर्यंतची. ती कायम भरलेली असते, पण तिचा दाब बेताचा.

दुरुस्ती स्वतः करायची की माणूस बोलवायचा, याचं उत्तर या दोन भागांत वेगवेगळं येतं. चोवीस तास पाणी असलेल्या शहरातला माणूस व्हिडिओत सांगतो, 'मेन व्हॉल्व्ह बंद करा, काम करा, चालू करून बघा'. आपल्याकडं हौदाच्या बाजूला 'चालू करून बघा' हे चार दिवसांनी येतं, तेही आपण झोपेत असताना.

म्हणून कामाचा दिवस आधी ठरवा. टाकीच्या खालचं काम, म्हणजे नळ, शॉवर, फ्लश, बेसिन, हे पाणी यायच्या आदल्या दिवशी काढावं. टाकी तळाला गेलेली असते, लाईन रिकामी करताना फारसं पाणी वाया जात नाही आणि काही बिनसलंच तर दुसऱ्या दिवशी पाणी येणार असतं. प्यायचं आणि एक-दोन बादल्या वापरायचं पाणी मात्र आधी भरून ठेवायचं. हौदाच्या बाजूचं काम, म्हणजे मीटरनंतरचा पाईप, हौदातला बॉल कॉक (हौद भरला की पाणी आपोआप थांबवणारा चेंडूचा नळ), हे पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. मग सामान शोधायला, पाईप चिकटवायचं सोल्युशन वाळायला, चुकलं तर पुन्हा करायला हातात तीन-चार दिवस राहतात.

कुठलं काम आपलं, हे मी तीन प्रश्नांवर ठरवतो. या जागेचं पाणी मला एका व्हॉल्व्हनं बंद करता येतं का? बिघाड डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो का? आणि चुकलं तर होणारं नुकसान एका बादलीत मावेल का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर काम आपलं. एकाचंही 'नाही' असेल तर फोन उचलावा. वीज, गॅस आणि भिंतीच्या आतला पाईप या तीन गोष्टींना हे प्रश्न विचारायचीसुद्धा गरज नाही, सरळ फोन.

आधी घरची लाईन ओळखा

पान्हा हातात घेण्यापूर्वी एका सकाळी गच्चीवर जा. टाकीतून किती पाईप निघतात, प्रत्येकावर व्हॉल्व्ह आहे का, कुठला बंद केल्यावर खालचा कुठला नळ थांबतो, हे एकेक करून बघा आणि पाईपवरच न पुसणाऱ्या मार्करनं लिहून ठेवा: 'किचन', 'मोरी', 'संडास', 'सोलर'. बोअरची वेगळी टाकी असेल तर तीही. सोपं काम आहे, पण बहुतेक घरांत ते कुणीच केलेलं नसतं. मध्यरात्री पाईप निसटतो तेव्हा घरातले सगळे अंधारात व्हॉल्व्ह फिरवत बसतात.

याच वेळी व्हॉल्व्ह फिरतात का तेही कळेल. बोअरच्या जड पाण्याचे क्षार गेट व्हॉल्व्हच्या आत बसतात आणि वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह अडकतो. अडकलेल्यावर जोर लावू नका. आतला दांडा तुटला तर तो व्हॉल्व्ह कायमचा उघडा राहील किंवा कायमचा बंद. थोडं उघड-झाक, थोडं उघड-झाक असं हलवत सुटला तर ठीक. नाही सुटला तर पाण्याच्या आदल्या दिवशी प्लंबरकडून तिथं पाव वेढ्यात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. सुटलेले व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा फिरवत राहा.

पाईप कशाचा आहे तेही ओळखायला हवं. जुन्या पेठांतल्या घरांत लोखंडी जीआय असतो. पांढरा यूपीव्हीसी गार पाण्याचा. फिकट पिवळसर सीपीव्हीसी गार-गरम दोन्हीला चालतो. करडा पीव्हीसी बहुधा सांडपाण्याचा किंवा शेतीचा. सोलरच्या किंवा गीझरच्या गरम लाईनला कुणी पांढरा यूपीव्हीसी जोडला असेल तर तो आज ना उद्या मऊ पडून वाकणार आणि सांध्यातून सुटणार. असा दिसला तर बदलून घ्या, गळायची वाट बघू नका.

हत्यारं फार लागत नाहीत. एक दहा इंची स्क्रू पान्हा, एक पाईप पान्हा, पकड, दोन प्रकारचे स्क्रू ड्रायव्हर, करवतीचं पातं, जुना टूथब्रश, टेफ्लॉन टेपच्या दोन गुंडाळ्या आणि अर्ध्या इंचाचे दोन प्लग. प्लग म्हणजे नळाच्या जागी लावायचं बूच. हे बूच घरात असलं की अर्धी भीती जाते. नवा नळ बसेना, रात्र झाली, दुकान बंद झालं तर बूच लावायचं, पाणी सोडायचं आणि झोपायचं.

गळणारा नळ

थेंब-थेंब गळणाऱ्या नळाला लोक महिनोन्‌महिने माफ करतात. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलीटर धरला, तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर. पाच दिवसांच्या पाळीत वीस लिटरच्या पुढं जातं, म्हणजे एक बादली गेली.

आधी नळ कुठल्या जातीचा ते बघा. बंद करायला दोन-तीन वेढे फिरवावा लागत असेल तर तो वायसरचा. पाव वेढ्यात बंद होत असेल तर आत सिरॅमिक चकतीचं स्पिंडल (मुठीबरोबर फिरणारा आतला दांडा) आहे.

वायसरचा नळ दुरुस्त करायला असा क्रम लागतो. त्या लाईनचा व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडून पाईपमधलं पाणी जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर जुना कपडा टाका, कारण सुटलेला स्क्रू नेमका तिथंच जातो. मुठीवरची टोपी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं उचला, खालचा स्क्रू काढून मूठ वर ओढा. आता दिसणारा षटकोनी भाग स्क्रू पान्ह्यानं उलटा फिरवा. त्या वेळी दुसऱ्या हातानं, शक्यतो दुसऱ्या पान्ह्यानं, नळाचं अंग घट्ट धरून ठेवा. जोर नळावर राहिला पाहिजे, भिंतीतल्या एल्बोवर (पाईपच्या वळणाच्या तुकड्यावर) अजिबात नाही. स्पिंडल बाहेर आलं की त्याच्या टोकाला काळा रबरी वायसर दिसेल, बहुधा मधोमध खड्डा पडलेला. तो घेऊनच दुकानात जा. अंदाजानं मागितला तर हमखास चुकीचा मिळतो.

नवा वायसर लावण्यापूर्वी नळाच्या आत बोट घालून बसकीची, म्हणजे वायसर टेकतो त्या जागेची, कड चाचपा. ती खरखरीत किंवा खाल्ली गेलेली असेल तर नवा वायसरही महिन्याभरात कापला जाईल. अशा नळावर कष्ट घेऊ नयेत, नळच बदलावा. कड गुळगुळीत असेल तर क्षार टूथब्रशनं घासून काढा, वायसर बसवा, उलट्या क्रमानं जोडा.

पाव वेढ्याच्या नळात वायसर शोधत बसू नका. अख्खं स्पिंडल बदलायचं असतं आणि ते त्याच कंपनीचं, त्याच मापाचं लागतं. जुनं काढून दुकानदाराच्या काउंटरवर ठेवा. दात्यांची संख्या आणि लांबी दोन्ही जुळली पाहिजे. बिनकंपनीचा नळ असेल तर स्पिंडल शोधण्यात अर्धा दिवस जातो, तेवढ्यात नवा नळ बसतो.

धार बारीक झाली असेल तर यातलं काहीही उघडू नका. नळाच्या तोंडाची जाळी हातानं फिरवून काढा. सोलापुरात दहातल्या आठ तक्रारी तिथंच मिटत असतील असा माझा अंदाज आहे. जाळीत वाळू आणि पांढरा थर असतो. वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून ती तासभर बुडवून ठेवा, मग ब्रशनं घासा. शॉवरलाही हाच उपाय. त्यासाठी ॲसिड वापरलं तर क्षाराबरोबर क्रोमचा मुलामाही उतरतो.

अख्खा नळ बदलताना

खरी अडचण भिंतीत असते. जुना नळ वर्षानुवर्षं गंजून बसलेला असतो, जोर लावला की तो सुटण्याऐवजी त्याचा आटा (फिरवून बसवायचा खाचांचा भाग) आतच तुटतो. मग टाईल फोडणं आलं. म्हणून लाईन लोखंडी असेल तर आधी सांध्यावर थोडं खोबरेल किंवा गंज सुटायचा स्प्रे सोडून अर्धा तास थांबा. पान्हा लावून आधी किंचित आवळायच्या दिशेनं, मग सोडायच्या दिशेनं हलवा. नळ हलण्याऐवजी भिंतीतला पाईपच फिरतोय असं जाणवलं तर तिथंच थांबा. इथपासून पुढं प्लंबरचं काम.

सुटला तर आतला आटा कपड्यानं पुसून कोरडा करा. नव्या नळाच्या आट्यावर टेप गुंडाळायची ती आट्याचं तोंड आपल्याकडं करून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. उलटी गुंडाळली तर आवळताना ती सुटून गोळा होते. बाजारातली टेप पातळ असते, त्यामुळं आठ-दहा वेढे तरी ताणून द्या आणि टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवा. नळ आधी हातानं बसेल तेवढा बसवा, मग पान्ह्यानं एक-दीड वेढा. तोंड खाली यायला थोडं राहिलं म्हणून उलटं फिरवून जुळवू नका, टेपचा सांधा तिथंच फुटतो. पूर्ण काढा, दोन वेढे कमी-जास्त करा, पुन्हा बसवा. पान्ह्याच्या दातांनी क्रोम खरवडू नये म्हणून मध्ये कपडा ठेवायचा.

प्लॅस्टिकच्या आट्यात पितळी नळ घट्ट आवळला की आटा तडकतो, तोही लगेच दिसत नाही. जिथं नळ बसणार तिथं पितळी आट्याचीच एल्बो हवी. नवीन काम करून घेताना हे प्लंबरला ठणकावून सांगायची गोष्ट आहे, कारण दोघांच्या किमतीत बराच फरक असतो आणि ठेकेदारी कामात प्लॅस्टिकची सर्रास मारली जाते.

सीपीव्हीसीच्या सांध्यांवर सुतळी-सफेदा, म्हणजे तेलातला सफेदा लावलेली सुतळी, लावू नका. तेलाचा अंश त्या प्लॅस्टिकला मानवत नाही. सुतळी-सफेदा जीआयसाठी ठीक.

हवा अडकली की

टाकी पूर्ण रिकामी होऊन भरली की काही घरांत एखाद्या नळाला पाणीच येत नाही, बाकीचे मात्र चालतात. नुसता फुसफुस आवाज. पाईप वर चढून पुन्हा खाली उतरतो त्या उंच वळणात हवा अडकलेली असते. टाकीच्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, एका मीटरला साधारण ०.१ किलो (दर चौरस सेंटीमीटरवर). एकमजली घराच्या टाकीचा दाब ०.३-०.४ किलोच्या आसपास भरतो, आणि एवढा दाब ती हवा ढकलू शकत नाही. लोक इथं प्रेशर पंप विकत घेतात.

त्याऐवजी पाणी येत असलेल्या नळाला रबरी पाईपचं एक टोक जोडा, दुसरं बंद पडलेल्या नळाला. दोन्हीकडं क्लिप आवळा. आधी बंद पडलेला नळ उघडा, मग चालू असलेला. पाणी उलट्या दिशेनं चढून हवेला टाकीकडं ढकलतं. दोन-तीन मिनिटांत टाकीत बुडबुड आवाज येतो. चालू नळाची लाईन टाकीतून वेगळी निघालेली असेल तर हे जास्त चांगलं साधतं. दोन्ही नळांचा दाब सारखाच कमी असेल तर हौदाच्या मोटारीच्या लाईनवर थेट नळ असल्यास तो वापरा, पण मोटार काही सेकंदच चालू ठेवा आणि पाईप हातानं धरून ठेवा. दर वेळी हाच त्रास होत असेल तर टाकीजवळच्या लाईनला हवा जायची उभी नळी बसवून घ्यावी. तिचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर राहिलं पाहिजे. हे काम प्लंबर तासाभरात करतो.

हौद आणि बॉल कॉक

हौदातला बॉल कॉक हे आपल्या शहरात सगळ्यात दुर्लक्षित यंत्र. तो चालला तर हौद भरल्यावर पाणी आपोआप थांबतं, नाही चालला तर रात्री दोनला हौद भरून पाणी गल्लीत. बिघाड बहुधा चेंडूत असतो. चेंडूला चीर पडून आत पाणी शिरलं की तो तरंगत नाही. काढून कानाजवळ हलवा, आत पाणी खळखळलं तर बदला. नवा चेंडू वेगळा मिळतो, दांड्याच्या आट्यावर फिरवून बसतो. चेंडू चांगला असूनही पाणी थांबत नसेल तर दांड्याच्या मुळाशी असलेला छोटा रबरी वायसर झिजलेला असतो. पितळी दांडा किंचित खाली वाकवला तर पाणी कमी पातळीवर थांबतं. पुढच्या पाण्याच्या वेळी जागं राहून एकदा बघा.

इथं एक गोष्ट प्लंबरही कधी कधी पाळत नाहीत. मनपाच्या पाईपचं तोंड हौदातल्या सगळ्यात वरच्या पाण्याच्याही वर हवं, मध्ये मोकळी हवा हवी. पाणी बंद झालं की मनपाची लाईन रिकामी होते आणि आत ओढ तयार होते. पाईपचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर हौदातलं पाणी मुख्य लाईनीत ओढलं जातं. याच कारणानं तुमच्या जमिनीखालच्या पाईपची बारीक गळती म्हणजे नुसतं पाण्याचं नुकसान समजू नका. पाणी असताना तिथून पाणी बाहेर जातं, पाणी नसताना शेजारच्या गटारीचा ओलावा आत येतो. नळ आल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ आणि वासाचं पाणी येतं त्यामागं हेही एक कारण असतं. ते पाणी हौदात घेऊ नका, बादल्यांत काढून झाडांना, फरशीला वापरा. दर वेळी वास येत असेल तर मनपाच्या झोन कार्यालयात तक्रार द्या आणि आपल्या आवारातली लाईन प्लंबरकडून तपासून घ्या.

मीटरच्या आधीचं, रस्त्याच्या बाजूचं काहीही, म्हणजे फेरूल (मुख्य लाईनीतून जोडणी घ्यायचा तुकडा), रस्त्यातला पाईप, जोडणीचं माप, याला घरच्या माणसानं हात लावायचा नाही. खासगी प्लंबरनंही परस्पर लावायचा नाही. ते मनपाच्या परवानगीनं, परवानाधारक प्लंबरकडून होतं. नळाला थेट मोटार लावणं बेकायदा आहे, मोटार जप्त होते. शिवाय ती मोटार मुख्य लाईनीतली ओढ वाढवते आणि शेजाऱ्याच्या वाट्याला गटारीचं पाणी येतं.

हौद धुवायला उतरताना घरात दुसरा माणूस वर उभा असलाच पाहिजे. झाकण तासभर आधी उघडून ठेवा, मोटारीचा प्लग काढून ठेवा. सेप्टिक टँकची गोष्ट पूर्ण वेगळी. तिथं स्वतः उतरायचं नाही आणि पैसे देऊन दुसऱ्या कुणाला उतरवायचंही नाही. आतला वायू काही श्वासांत माणूस मारतो आणि २०१३ च्या कायद्यानं असं काम करून घेणं गुन्हा आहे. मैला उपसणारी गाडी बोलवायची.

मोटार

मोटार फिरते पण पाणी चढत नाही: बहुधा फूट व्हॉल्व्हमधून (हौदातल्या पाईपच्या तळाशी पाणी अडवून धरणारी झडप) पाणी हौदात परत गेलेलं असतं. एमसीबी बंद करा, प्लग काढा, पंपावरचा बोल्ट उघडून तांब्यानं पाणी भरा, बुडबुडे थांबेपर्यंत. बोल्ट आवळा, मग चालू करा. रोजच भरावं लागत असेल तर फूट व्हॉल्व्ह बदला. मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही: लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. यापुढं मोटारवाल्याकडं न्या, कारण कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देतो. मोटारीच्या लाईनला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर प्लंबरच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

फ्लश, बेसिन, मोरी

फ्लशची टाकी गुपचूप गळते. टाकीत थोडी नीळ टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यातलं पाणी निळं झालं तर तळाचा रबर गेला. टाकीचं पाणी बंद करायला खाली अँगल कॉक असतो. झाकण काढून रबर बदलणं घरी होतं, अट एवढीच की टाकी भिंतीबाहेर असावी. भिंतीत बसवलेली असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

बेसिन तुंबलं तर खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपची (बेसिनखालच्या बाटलीसारख्या भागाची) वाटी हातानं फिरवा, केस आणि साबणाचा गाळ काढा, परत बसवा. ॲसिड ओतू नका, आणि आधी कुणी ब्लीचिंग किंवा ड्रेन पावडर टाकलेली असेल तर अजिबातच नाही. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो आणि मोरी बंद खोलीच असते. खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस दिसायला छान, पण केसाचा गोळा त्यानं हलत नाही.

न वापरलेल्या मोरीतून वास येत असेल, झुरळं येत असतील, तर उन्हाळ्यात जाळीखालच्या ट्रॅपमधलं, वास अडवणारं पाणी आटलेलं असतं. दोन तांबे पाणी ओता. खर्च शून्य.

गच्चीवरचा पाईप आणि ऊन

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो तेव्हा गच्चीवरचा उघडा प्लॅस्टिक पाईप भाजतो. उन्हानं ठिसूळ होतो आणि एखाद्या दिवशी नुसत्या धक्क्यानं तुटतो. पाण्यात मिसळणारा पांढरा रंग त्याला मारावा. तेलाचा रंग सीपीव्हीसीला नको. पाईपला दर तीन-चार फुटांवर आधार द्या.

छोटा तुकडा बदलणं घरी जमतं. पाईप सरळ काटकोनात कापा, कडेचे धागे घासून काढा, आतून-बाहेरून कोरडा पुसा. सगळं आधी सोल्युशनशिवाय जोडून बघा, पाईप कपलरमध्ये (दोन पाईप जोडणाऱ्या तुकड्यात) किती आत जातो तिथं खूण करा. मग पाईपला आणि फिटिंगला दोन्हीकडं सोल्युशन, आत सरकवताना पाव वेढा, आणि अर्धा मिनिट दाबून धरा. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सोल्युशन लागतं. यूपीव्हीसीचं लावलेला सांधा आज धरेल, गरम पाण्यानं सुटेल. हे काम सकाळी सातला करा. दुपारी सोल्युशन ब्रशवरच वाळतं. किमान दोन-तीन तास पाणी सोडू नका, रात्रभर ठेवलं तर उत्तम.

फोन कधी उचलायचा

भिंत ओली आहे पण नळ कुठलाच गळत नाही. रात्री सगळं बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण केली आणि सकाळी ती खाली गेली, मोटार किंवा बॉल कॉकमधून पाणी आलेलं नसतानाही. अशा वेळी एकेक लाईनचा व्हॉल्व्ह रोज रात्री बंद करून बघा. ज्या रात्री पातळी टिकली त्या रात्री बंद असलेली लाईन गुन्हेगार. एवढं घरी केलं की प्लंबरचा अर्धा दिवस आणि तुमच्या चार टाईल वाचतात. भिंत फोडणं त्याच्याकडंच द्या. गीझरची आतली कामं, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह, गॅस गीझर, सोलरची गरम लाईन, सोसायटीच्या डक्टमधला उभा पाईप यांतही घरचा प्रयोग नको. डक्टच्या कामाला चेअरमनची परवानगी आधी. खालच्या मजल्याचं छत टपकलं तर पाण्याच्या आधी शेजारधर्म गळतो.

माणूस निवडताना गल्लीत दोन-तीन घरी विचारा, पण 'चांगला आहे का' असं विचारू नका. 'काम झाल्यावर पुढच्या पाण्याला बोलावलं तर आला का', हे विचारा. कौशल्य बऱ्याच जणांकडं असतं. आयटीआयमध्ये प्लंबर हा वर्षाचा ट्रेड आहे आणि उस्तादाच्या हाताखाली शिकलेलेही तितकेच पक्के असतात. परत येणारे कमी.

फोनवर नेमकं सांगा. 'पाणी गळतंय' म्हटलं की तो रिकाम्या हातानं बघायला येतो आणि मग दोन फेऱ्या होतात.

'अण्णा, मोरीतला अर्ध्या इंची नळ गळतोय, लाईन सीपीव्हीसी, भिंतीतला एल्बो फिरतोय. परवा पाणी आहे. उद्या येता का?'

'येतो की ओ. ब्रास एल्बो घेऊनच येतो.'

फोटो पाठवला तर आणखी बरं. मजुरी आणि सामान वेगवेगळं ठरवा. सामान तो आणणार असेल तर पावती मागा. दुकानातून त्याला थोडं सुटतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पण कंपनी आणि माप तुम्ही ठरवा. टाईल फोडली तर भरून कोण देणार, गवंडी कुणाचा, राडारोडा कोण उचलणार, हे काम सुरू व्हायच्या आधीच बोलून घ्या.

भिंतीतला पाईप बदलला तर गिलावा लगेच करू देऊ नका. लाईन भरून, नळांच्या जागी बूच लावून एक रात्र राहू द्या. सकाळी सगळे सांधे कोरड्या कागदानं पुसून बघा. मग पाईप कुठून कसा गेला त्याचे फोटो काढा, शेजारी टेप धरून, जमिनीपासूनची उंची दिसेल असे. पुढं आरसा टांगायला ड्रिल मारताना ते उपयोगी पडतील.

पैशांचं इथलं गणित वेगळं आहे. टाकीखालचं काम त्याच दिवशी तपासता येतं, त्याचे पैसे त्याच दिवशी पूर्ण द्यावेत, उगाच अडवू नयेत. हौदाच्या बाजूचं काम असेल तर थोडी रक्कम पुढच्या पाण्यापर्यंत मागं ठेवायची आणि हे आधीच सांगायचं. नीट काम करणारा अण्णा याला हरकत घेत नाही. पाणी आलं की सांध्यावर कोरडा हात फिरवा, व्हिडिओ काढून त्याला पाठवा. कोरडा असला तर राहिलेले पैसे त्याच सकाळी द्या, म्हणजे पुढच्या वेळी पाण्याच्या आदल्या दिवशीही तो येतो.